जीएसटीची विवरणपत्रे राहून गेली असतील तर काय करावे?
लहान व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी उपयुक्त माहिती

सरकारी नोटीस आली की आपल्यातला लहान व्यापारी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो कागद गल्ल्याखाली दाबून ठेवतो, नाहीतर ओळखीच्या एखाद्या माणसाला गाठून "साहेबांशी जरा बोलून घ्या" म्हणतो. दोन्ही मार्गांनी काम बिघडते. वस्तू व सेवा कराच्या, म्हणजे जीएसटीच्या कायद्यात चुकलेली तारीख सुधारण्याची सोय ठेवलेली आहे. पण प्रत्येक सोयीला मुदत आहे. मुदतीच्या आत गेले तर काही हजारांत सुटका होते. मुदत उलटल्यावर गेले तर तेच प्रकरण लाखाच्या घरात जाते.

भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत, धारावीतील चामड्याच्या पिशव्यांचे कारखाने असोत की गावोगावची तयार कपड्यांची आणि भांड्यांची दुकाने, विवरणपत्रे म्हणजेच रिटर्न राहून जाण्याची कारणे सगळीकडे सारखीच असतात. ईदच्या हंगामात मालकाला बसायलाही फुरसत नसते. माल उधारीवर गेलेला असतो आणि कर भरायला हातात रोकड नसते. मुनीम काम सोडून जातो. कर सल्लागाराची फी थकते आणि तो फोन उचलत नाही. काही जणांचा असाही समज असतो की या महिन्यात विक्रीच झाली नाही, मग भरायचे काय? हा समज चुकीचा आहे. नोंदणी जिवंत असेपर्यंत शून्य विक्रीचेही विवरणपत्र भरावेच लागते. असे शून्य विवरणपत्र २०२० पासून नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवूनही भरता येते.

उशिराचा भुर्दंड किती?

सामान्य व्यापाऱ्याला मुख्यतः दोन विवरणपत्रे भरायची असतात. विक्रीच्या बिलांचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये द्यायचा आणि कराचा एकूण हिशेब व भरणा जीएसटीआर-३बी मध्ये करायचा. दरमहा भरणाऱ्यांसाठी ३बी ची तारीख पुढच्या महिन्याची २० आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना दर तीन महिन्यांनी विवरणपत्र भरण्याची सवलत आहे. महाराष्ट्रात त्यांची तारीख तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ आहे. मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो.

३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसते. त्यातले २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. शून्य विवरणपत्र असेल तर दिवसाला २० रुपये. पण हे शुल्क अमर्याद वाढत नाही. जून २०२१ पासून त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे. शून्य विवरणपत्राला जास्तीत जास्त ५०० रुपये, मागील वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर २,००० रुपये आणि दीड ते पाच कोटींपर्यंत ५,००० रुपये. हे आकडे प्रत्येक विवरणपत्राचे आहेत. म्हणजे बारा महिने राहिलेल्या लहान दुकानदाराचे ३बी चे विलंब शुल्क जास्तीत जास्त २४,००० होते. "रोजचा दंड चढतो आहे, आता लाखो झाले असतील" या भीतीने जे लोक पोर्टल उघडूनही पाहत नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

विलंब शुल्काखेरीज वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते. हे व्याज साधारणपणे रोखीने भरायच्या रकमेवरच असते. खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट वळते करून जो कर उरतो तेवढ्यावर ते मोजतात.

खरे नुकसान ३० नोव्हेंबरला होते

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विलंब शुल्क आणि व्याज याची सगळे चर्चा करतात, पण लहान व्यापाऱ्याला बुडवते ते क्रेडिट गमावणे. कायद्याच्या कलम १६(४) प्रमाणे एखाद्या आर्थिक वर्षातील खरेदीवरचे क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोपर्यंतच घेता येते. त्या तारखेनंतर ३बी भरले तर विक्रीवरचा पूर्ण कर रोख भरावा लागतो. खरेदीवर दिलेला कर हातचा जातो.

समजा, एका कपडा व्यापाऱ्याचे ऑगस्ट २०२४ चे मासिक विवरणपत्र राहून गेले. त्याची तारीख २० सप्टेंबर २०२४ होती. विक्रीवरचा कर ४५,००० रुपये, खरेदीवरचे क्रेडिट ३६,००० रुपये, म्हणजे रोख भरायचे ९,००० रुपये. या वर्षाच्या क्रेडिटची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती.

त्याने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी विवरणपत्र भरले असते तर कर ९,००० रुपये, ४३४ दिवसांचे व्याज सुमारे १,९२६ रुपये आणि विलंब शुल्क २,००० रुपये असे मिळून सुमारे १२,९२६ रुपयांत काम झाले असते. तेच त्याने १० डिसेंबर २०२५ रोजी भरले असे धरा. आता क्रेडिट गेले. कर ४५,०००, त्या सगळ्या रकमेवर ४४६ दिवसांचे व्याज सुमारे ९,८९८ आणि विलंब शुल्क २,०००. एकूण सुमारे ५६,८९८ रुपये. बारा दिवसांच्या आळसाची किंमत जवळजवळ ४४,००० रुपये, आणि तीही एकाच महिन्याच्या विवरणपत्राची.

म्हणून राहिलेली विवरणपत्रे असतील तर पहिला प्रश्न हा विचारावा की कोणत्या वर्षाची ३० नोव्हेंबर अजून यायची आहे. हातात पैसा कमी असला तरी ती तारीख हातची जाऊ देऊ नये. ३बी भरताना त्या महिन्याचा पूर्ण कर भरावाच लागतो. विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या कराला हप्ते मिळत नाहीत. त्यामुळे गरज पडली तर घरातून, भागीदाराकडून उसनवारी करून किंवा पडून असलेला माल काढून ही रक्कम उभी करणे फायद्याचे ठरते.

२०१७-१८ ते २०२०-२१ या पहिल्या चार वर्षांसाठी मात्र कायद्यात २०२४ मध्ये खास सवलत घालण्यात आली. या वर्षांचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरलेल्या विवरणपत्रात घेतले असेल तर ते मान्य धरले जाते. या कारणावरून ज्यांना जुनी नोटीस किंवा आदेश आलेला आहे, त्यांनी कलम १६(५) चा दाखला देऊन आपल्या सल्लागाराशी अवश्य बोलावे.

तीन वर्षांनंतर दार बंद

दुसरी मर्यादा तीन वर्षांची आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली की विवरणपत्राच्या देय तारखेपासून तीन वर्षे उलटली की ते भरताच येणार नाही. ही तरतूद १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि पोर्टलवरच असे विवरणपत्र अडवण्याची व्यवस्था जीएसटी नेटवर्कने २०२५ मध्ये जाहीर केली. म्हणजे "पुढेमागे एकदम सगळे भरून टाकू" हा विचार आता चालणार नाही. दर महिना मागचे एकेक विवरणपत्र कायमचे बाद होत जाते. ते बाद झाले म्हणून कर माफ होत नाही. उलट क्रेडिट न देता अधिकाऱ्याला कर ठरवण्याची मोकळीक राहते.

काही जण माफी योजनेची वाट पाहत बसतात. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये विलंब शुल्कात सूट देणाऱ्या योजना आल्या होत्या हे खरे आहे. पण २०२३ ची योजना ३१ ऑगस्ट २०२३ ला संपली, आणि अशा योजनेत विलंब शुल्क कमी होते, व्याज नव्हे. ज्याची मुदत ठाऊक नाही अशा सवलतीच्या भरवशावर ३० नोव्हेंबर घालवणे शहाणपणाचे नाही.

धंद्यावर होणारा परिणाम

विवरणपत्र थकले की भुर्दंड फक्त आपल्यालाच बसतो असे नाही. आपले जीएसटीआर-१ भरले गेले नाही तर आपल्याकडून माल घेणाऱ्याच्या खात्यात क्रेडिट दिसत नाही, आणि दिसले नाही तर त्याला ते घेता येत नाही. मोठा गिऱ्हाईक असा माल एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. मागच्या महिन्याचे ३बी राहिले तर पुढचे जीएसटीआर-१ भरता येत नाही. लागोपाठ दोन कालावधींची ३बी राहिली तर आपल्या नावाने माल पाठवण्याचे ई-वे बिल निघणे बंद होते. सुरतेला किंवा हैदराबादला गठ्ठे पाठवणाऱ्या माणसाचा धंदा एवढ्यानेच थांबतो. बँकही कर्जाच्या अर्जाबरोबर जीएसटीची विवरणपत्रे मागते.

नोटीस आली तर

विवरणपत्र न भरणाऱ्याला प्रथम जीएसटीआर-३ए नावाची नोटीस येते. तिच्यात १५ दिवसांची मुदत असते. या १५ दिवसांत विवरणपत्र, कर, व्याज आणि शुल्क भरले की त्या नोटिशीचे काम संपते.

ती मुदत गेली तर अधिकारी कलम ६२ प्रमाणे आपल्या अंदाजाने कर ठरवून आदेश काढू शकतो. हा आकडा बहुधा मोठा असतो, कारण त्यात आपले क्रेडिट धरलेले नसते. असा आदेश पाहून अनेक व्यापारी हबकतात. पण येथेही वाट आहे. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या कालावधीचे खरे विवरणपत्र भरले तर तो आदेश कायद्यानेच मागे घेतल्यासारखा होतो. व्याज व विलंब शुल्क मात्र द्यावे लागते. हे ६० दिवसही हुकले तर आणखी ६० दिवस मिळतात, पण त्या काळासाठी दोन्ही कायद्यांचे मिळून रोजचे २०० रुपये जादा शुल्क पडते. तेही गेले तर मग अपील. त्याची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी एक महिना, आणि वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

नोटीस मिळालीच नाही, ही तक्रार फार ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा साधे असते. नोंदणी करताना मोबाइल आणि ई-मेल सल्लागाराचा दिलेला असतो आणि सगळे संदेश त्याच्याकडे जातात. कलम १६९ प्रमाणे नोटीस पोर्टलवर ठेवणे ही ती बजावण्याची एक मान्य पद्धत आहे. तेव्हा पोर्टलवर आपलाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल नोंदवून घ्यावा. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. सल्लागार कितीही भरवशाचा असला तरी कायद्यापुढे जबाबदार आपण आहोत.

नोंदणी रद्द झाली तर

दरमहा भरणाऱ्याची लागोपाठ सहा महिन्यांची किंवा तिमाही भरणाऱ्याची लागोपाठ दोन तिमाहींची विवरणपत्रे राहिली तर अधिकारी नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू करू शकतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याचे वार्षिक विवरणपत्र तारखेनंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबले तर त्यालाही हेच लागू आहे. २०२४-२५ या वर्षापासून त्या विवरणपत्राची तारीख ३० जून आहे.

आधी आरईजी-१७ ही कारणे दाखवा नोटीस येते आणि नोंदणी स्थगित होते. स्थगितीच्या काळात कर लावलेले बिल देता येत नाही. उत्तराला फक्त सात कामाचे दिवस मिळतात. या दिवसांत नुसता विनवणीचा अर्ज देऊन उपयोग नाही. सर्व राहिलेली विवरणपत्रे करासह भरली तर अधिकाऱ्याने कारवाई थांबवावी असे नियमातच आहे. तेवढा पैसा नसेल तरी मुदतीत उत्तर द्यावे, सुनावणीला हजर राहावे आणि भरलेल्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या जोडाव्यात.

रद्द झाल्याचा आदेश निघाला तर तो मिळाल्यापासून ९० दिवसांत नोंदणी पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. त्याला आरईजी-२१ म्हणतात. पुरेसे कारण असेल तर वरिष्ठ अधिकारी आणखी जास्तीत जास्त १८० दिवस वाढवून देऊ शकतात. अर्ज करण्यापूर्वी रद्द झालेल्या तारखेपर्यंतची सर्व विवरणपत्रे भरलेली असावी लागतात. नोंदणी पुन्हा सुरू झाली की मधल्या काळाची विवरणपत्रे ३० दिवसांत भरावीत. त्या मधल्या काळाचे क्रेडिट रद्द करण्याच्या आदेशाच्या दिवशी मुदतबाह्य झालेले नसेल, तर या ३० दिवसांत ते घेता येते.

"जुना नंबर जाऊ द्या, नवा काढून देतो" असे सांगणारे दलाल बाजारात आहेत. त्यांच्या नादी लागू नये. पॅन एकच असतो. विवरणपत्रे न भरल्यामुळे रद्द झालेली नोंदणी पूर्ववत करण्याचा अर्ज न करताच नवा अर्ज करणाऱ्याकडे बारकाईने पाहावे आणि असा अर्ज नाकारता येतो, अशा सूचना मार्च २०१९ च्या परिपत्रकाने अधिकाऱ्यांना दिलेल्या आहेत. भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर नंबर काढून तोच धंदा चालवला तर एका घरातील दोन माणसे अडचणीत येतात.

धंदा बंद केला, किंवा मालक वारले

२०२० च्या टाळेबंदीनंतर कितीतरी लहान कारखाने बंद झाले, पण नोंदणी तशीच राहिली. शटर बंद केले म्हणजे नोंदणी बंद होत नाही. त्यासाठी पोर्टलवर रीतसर अर्ज करावा लागतो. नोंदणी रद्द झाल्यावर, ती आपण केलेली असो वा अधिकाऱ्याने, नियमित करदात्याने तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचे असते. त्यात शिल्लक मालावरच्या क्रेडिटचा हिशेब द्यावा लागतो. हे पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या विलंबाला रोज २०० रुपये, जास्तीत जास्त १०,००० रुपये शुल्क आहे.

मालक वारले आणि मुलाने धंदा पुढे चालवला तर कलम ९३ प्रमाणे वडिलांच्या नावावरील थकीत कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी त्या मुलावर येते. धंदा बंद केला तर मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच ही जबाबदारी राहते, वारसांच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. आपल्याकडे तरक्याची वाटणी मयताचे कर्ज फेडल्यानंतरच होते. सरकारी कराची थकबाकी हेही असेच देणे आहे. म्हणून वाटणीला बसण्यापूर्वी पोर्टलवर वडिलांच्या नावावर काय बाकी आहे ते पाहून घ्यावे. नाहीतर बहिणींना वाटे देऊन झाल्यावर दोन वर्षांनी नोटीस येते आणि घरात वाद सुरू होतात.

सुरुवात कशी करावी?

१) पोर्टलवर जाऊन कोणत्या महिन्याचे कोणते विवरणपत्र राहिले त्याची यादी एका कागदावर उतरवा. नोटिसांचे दोन्ही रकाने, साधा आणि 'अॅडिशनल' हा वेगळा, उघडून पाहा. प्रत्येक नोटिशीची आणि आदेशाची तारीख लिहा.

२) प्रत्येक विवरणपत्रासमोर तीन तारखा मांडा: त्याची देय तारीख, क्रेडिटची ३० नोव्हेंबर आणि तीन वर्षे पुरी होण्याचा दिवस. जी तारीख सर्वांत जवळ, तिच्या हिशेबाने पैशाची जुळवणी करा.

३) विक्रीची व खरेदीची बिले, बँकेचा उतारा आणि पोर्टलवरील जीएसटीआर-२बी एकमेकांशी ताडून पाहा. बिले हरवली असतील तर पुरवठादाराकडून प्रत मागवा. विक्री झालेली असताना घाईने शून्य विवरणपत्र भरून मोकळे होऊ नका. ती खोटी माहिती ठरते आणि साधा उशीर गंभीर प्रकरण बनतो.

४) सर्वांत जुन्या विवरणपत्रापासून सुरुवात करा. आधीचे राहिले असताना पोर्टल पुढचे घेत नाही. पैसा तुकड्यातुकड्याने येत असेल तर एकेक महिना पुरा करत चला.

५) प्रत्येक नोटिशीला मुदतीत पोर्टलवरूनच लेखी उत्तर द्या आणि पोचपावती जपून ठेवा. तोंडी बोलण्याला कायद्यात किंमत नाही. भरणाही चलनानेच करा, हातोहात रोख कोणालाही देऊ नका.

पुढे अशी वेळ येऊ नये म्हणून

वस्तूंच्या व्यापारात महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवांमध्ये २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल विकणे किंवा ऑनलाइन कंपन्यांमार्फत विक्री करणे अशा बाबतींत वेगळे नियम आहेत. कोणाच्या तरी सांगण्यावरून नोंदणी घेतलेली असेल आणि धंदा या मर्यादेच्या बराच खाली असेल, तर ती चालू ठेवायची का याचा विचार करावा. ठेवायची नसेल तर रीतसर रद्द करून घ्यावी.

नोंदणी असणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. बिलात गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर हा आपल्या धंद्याचा पैसा नव्हे, ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. बिल वसूल झाले की कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा. बहुतेकांची विवरणपत्रे राहतात ती फॉर्म अवघड असतो म्हणून नाही. कराचा पैसा सुताच्या गठ्ठ्यात नाहीतर घरखर्चात गेलेला असतो आणि २० तारखेला खिसा रिकामा असतो. गोळा केलेला कर न भरणाऱ्याकडून तो वसूल करण्याचे अधिकार कलम ७६ मध्ये स्वतंत्रपणे दिलेले आहेत.

ज्यांची विवरणपत्रे राहिली आहेत त्यांनी निदान पहिले काम, म्हणजे राहिलेल्यांची यादी करण्याचे, या आठवड्यातच करावे. त्याला एक पैसाही लागत नाही. अनुभवी जीएसटी प्रॅक्टिशनर किंवा चार्टर्ड अकाउंटंटकडे ही यादी घेऊन गेलात तर त्यालाही नेमका सल्ला देता येतो, आणि आपल्यालाही नेमके किती देणे आहे व ते केव्हापर्यंत द्यायचे आहे हे कळते.